यंत्रावरची चिठ्ठी

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत, म्हणजे आजारी कुणी नाही. काल कोर्टाचा बेलीफ आला होता. कागदाच्या उधारीच्या दाव्यात कागदवाल्याच्या बाजूने निकाल लागला तरी माझ्याने पैसे भरले गेले नाहीत, म्हणून त्याने जप्ती आणली. कपाट आणि पंखा लिहून झाल्यावर बेलीफ पुस्तकबांधणीच्या, कागद कापायच्या यंत्रापाशी थांबला. भला माणूस. कारागिराचं पोटापाण्याचं हत्यार जप्त होत नाही, असं त्यानेच सांगितलं आणि यावर घर चालतं ना, असं विचारलं. मी म्हणालो, नाही. सध्या गोदामात नोकरी करतो, दुकान बंद आहे. मग यंत्रही यादीत लिहिलं त्याने.

लिलाव होईपर्यंत यंत्र इथेच राहील. त्यावर चिठ्ठी डकवून गेलाय, तीही वाकडी, खळ धड न लावता. तुझी भावजय कालपासून बोलत नाही. यंत्र गेलं तर जन्मभर पोतीच मोजत बसणार गं मी. फार भीती वाटते.

तुझा,
धाकला

८ जून

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला! हरिश्चंद्रानेसुद्धा तुझ्यापुढे हात टेकले असते. अरे, तो बिचारा तुला वाचवायला बघत होता!

आमच्या शेजारी वकीलबाई राहतात, त्यांना विचारलं. कोर्टात हरकत घेता येते म्हणाल्या, पण धंदा चालू आहे असं शपथेवर सांगावं लागेल. तू खोटं बोलायचा नाहीस, आईच्या मारालाही बधला नाहीस. तेव्हा खरंच बोल. सोबत खोकं पाठवते आहे. आमची पुस्तकं पार खिळखिळी झाली आहेत, नीट बांधून दे. कपाट ओकंबोकं दिसतं म्हणून हे कुरकुरताहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. मजुरी पुरती लाव. आणि गोदामातून आलास की दुकानाचं दार उघडं ठेव, लोकांना दिसू दे.

भावजयीला सांग, अबोला पुरे.

तुझी,
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र सुटलं!

यंत्र वापरायला हरकत नाही, हे बेलीफला आधी विचारून घेतलं होतं. दार उघडं बघून समोरचा शिंपी आला, शाळेच्या बाई फाटके नकाशे घेऊन आल्या. काल कोर्टात माझ्या हरकतीची सुनावणी झाली, न्यायाधीशबाईंनी शेवटचं काम कधी केलंत म्हणून विचारलं. मी सांगितलं, आज सकाळी. बोटांवर खळ होतीच. कागदवाल्याला दरमहा हप्ता द्यायचा ठरलंय. त्याचे हक्काचे पैसे आहेत, बुडवणार नाही. कपाट आणि पंखा मात्र गेले. तुझी भावजय आता बोलते, उकडतंय एवढंच बोलते.

एक राहिलंच. जुनं पुस्तक सुटतं तेव्हा दोरा झिजून तुटतो, टोकाला पिंजतो. तुझ्या खोक्यातले सगळे दोरे सरळ कापलेले होते, ब्लेडने. त्यातलं एक तर तुझ्या लग्नात मीच बांधून दिलेलं, ते सात जन्मांत सुटलं नसतं. ते हातात घेऊन रडलो गं ताई.

बिल सोबत आहे. त्या एका पुस्तकाची मजुरी लावलेली नाही.

न्यायाधीशबाईंनी पुस्तकं कुणी शिवली एवढंच विचारलं. कुणी उसवली असं विचारलं असतं, तर तुझं नाव सांगितलं असतं मी. तेव्हा पुढच्या वेळी जपून. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
धाकला