रिपोर्ट नॉर्मल आले तरी

पुणे

प्रिय आई,
तुले अन् बाबाले सप्रेम जयभीम.

मी मजेत आहो, वेळेवर जेवते. फोनवर तू "बरी आहो" म्हणते अन् लगेच बाबाकडे फोन देते, म्हणून लिहून राहिली.

इथं आम्ही अंगदुखीवर जो अभ्यास करतो, त्यासाठी विमलाबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या. तुझ्यासारखंच त्यांचं अंग वर्षानुवर्षं दुखते, झोपून उठल्यावरही थकवा जात नाही, अन् रिपोर्ट सगळे नॉर्मल. घरचे म्हणत, नाटक करते. मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनच्या आवाजाले त्या भ्यायल्या, म्हणून मी त्यांचा हात धरला. मग आम्ही त्यांच्या अंगठ्यावर हलकासा दाब दिला. बाकीच्यांले तो नुसता दाब वाटते. त्यांच्या मेंदूत मात्र दुखण्याच्या जागा जाग्या झाल्या.

एका फोटोवरून आजार ठरत नाही, हे मी त्यांच्या नवऱ्याले सांगितलं. त्यानं विचारलं, "पण मॅडम, हिला खरंच दुखतं ना?"

"खरंच दुखतं," मी म्हटलं.

खाली वाकून त्यानं बायकोच्या चपला तिच्या पायाशी सरकवल्या.

मले तू आठवली. सुपेल्याच्या बाजारातून पिशव्या उचलून आणते अन् तशीच स्वयंपाकाले उभी राहते. बाबा म्हणतात, डॉक्टरनं तर काहीच नाही सांगितलं. हे पत्र त्यांले वाचाले दे. बाजार आता अतुलदादा करीन.

अन् आई, या वेळी "बरी आहो" नको म्हणू. खरं सांग, कुठं कुठं दुखते?

तुझीच,
विशाखा