नियाज मास्तरच्या मांडवात मी काय बोललो

तळोदा,
आषाढ संपत आला.

तीर्थरूप अक्काच्या पायांवर (गुडघ्यांना धक्का न लावता, ते दुखतात हे ठाऊक आहे) धाकट्या भावाचा, रतिलालचा नमस्कार. दाजींना सांग, त्यांचा खोकला विसरवाडीहून मला इथे ऐकू येतो, तेव्हा बिडी सोडल्याची थाप त्यांनी निदान माझ्याकडे मारू नये. माझी साखर बरी आहे, म्हणजे आहे तिथेच आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे ऐकल्यावर तर फोनच ठेवून दिला असतास. पत्र फेकलंस तरी पुन्हा उचलून वाचता येतं.

अक्का, नियाज माझ्याशी बोलत नाही. तोच नियाज, आपल्या गल्लीतला पिंजाऱ्यांचा, जो पुढे विज्ञानाचा मास्तर झाला आणि ज्याला तू दरवर्षी माझ्याआधी राखी बांधतेस. (तुला हे सांगायची गरज नाही. पण जीव खाली-वर झाला की माणूस सगळं पहिल्यापासून सांगत बसतो.) रोज संध्याकाळी आम्ही दोघं शहादा रस्त्याने पुलापर्यंत फिरायला जायचो. आता तो वेगळ्या रस्त्याने जातो. मी पुलावर एकटा बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नियाज मास्तर दिसले का विचारतो, म्हणजे सगळ्या गावाला कळलंय की आमचं बिनसलं.

झालं ते त्याच्या लेकीच्या, तहसीनच्या लग्नात. मी ललितला दोष देत नाही (देतो आहे), पण तुझ्या या चिरंजिवाला औषधाच्या दुकानात बसून गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर ज्ञान वाटायची सवय आहे. त्याने मला एक लांबलचक मजकूर पाठवला : मुसलमानांमध्ये डुक्कर, रक्त, मेलेलं जनावर आणि दारू का वर्ज्य, त्यामागची आरोग्याची कारणं. मी वाचला आणि भारावून गेलो. केवढं शास्त्र! वाटलं, आपल्या जिवलग मित्राच्या घरी कार्य आहे, व्याही मालेगावचे, मोठी माणसं. त्यांच्यासमोर त्यांच्या धर्माचं चार शब्दांत कौतुक करावं, नियाजची मान उंच होईल. देवाशपथ सांगतो, हेतू एवढाच होता.

आता माझा अधिकार बघ. जन्मात अंडं खाल्लं नाही. नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या गाड्यांना नंबर द्यायची. आणि बोलणार कशावर, तर मटणाच्या पंक्तीत, डुकराच्या पोटातल्या जंतावर. माईक हातात आला आणि मला राहवलं नाही. जंत किती लांब असतो ते मी हात पसरून दाखवलं. हात पुरेनात, म्हणून शेजारच्या गोकुळ आचाऱ्याचाही एक हात धरून लांब केला. मग जंताची अंडी मेंदूत कशी जातात ते सांगितलं, मग साकळलेलं रक्त, मग सडलेलं जनावर. लोकांचे घास हातातच राहिले. एका पोराने ताट सरकवलं. मला वाटलं, रंगले!

तेवढ्यात वऱ्हाडातला एक तरुण डॉक्टर उठला. फार नम्र पोरगा. म्हणाला, काका, मांस नीट शिजवलं की जंत मरतात, आणि जंत काय इतर जनावरांतही असतात. इथे मी गप्प बसायला हवं होतं. अक्का, मी कधी गप्प बसलोय का? वादात हार नको म्हणून मी माईकवरूनच म्हटलं, बरोबर आहे, म्हणजे डुक्कर व्यवस्थित शिजवलं तर मग हरकत नाही!

मुसलमानाच्या लग्नात, भर पंक्तीत, मी माईकवरून डुकराला परवानगी दिली.

मांडव असा शांत झाला की मागची चूल ऐकू यायला लागली. (ती चूल वेगळी मांडलेली होती, नवी भांडी आणून, माझ्या एकट्याच्या वरण-भातासाठी. हे नंतर आठवलं.) नवरदेवाचे आजोबा ताटावरून उठले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आम्ही हुकूम पाळतो, डॉक्टरची चिठ्ठी नाही. आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. मुलीचा बाप आमचा नियाज, त्यांच्यापुढे हात जोडून उन्हात उभा होता. ते आत आले, लग्न पार पडलं, तहसीन सुखात आहे. पण नियाजचे ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

काही दिवसांनी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. माफी मागितली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, नियाज, मुद्दा तसा शास्त्रीय होता. तो हसला, पण त्याचं नेहमीचं हसू नव्हतं. त्याने जन्मभर पोरांना फळ्यावर हाच जंत काढून शिकवला, त्याला मी काय सांगणार? तो म्हणाला, "रतिलाल, तू मटण कसाले खात नही, हाई मी तुले कधी इचारं का? आनि अक्कानी तुन्हाकरता सीताफळ सोडं, त्यामा कोनतं व्हिटॅमिन व्हतं?"

मी म्हटलं, कसलं सीताफळ?

मग त्याने सांगितलं. लहानपणी मी मुदतीच्या तापात पडलो होतो, तेव्हा तू देवीपुढे सीताफळ सोडलंस, ते आजतागायत. त्याला ठाऊक होतं, कारण त्याने डोंगरातून आणलेली तू परत केलीस. मला ठाऊक नव्हतं. अक्का, अगं दर दिवाळीला तोरणमाळकडची टोपलीभर सीताफळं मी तुला जीपने पाठवतो! फोन करून गोड होती का विचारतो, आणि तू खुशाल सांगतेस, साखर होती रे! कोणी खाल्ली ती इतकी वर्षं? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. सगळ्या जगाला कारणं सांगत फिरणारा मी, आणि माझ्या जिवासाठी कोणी काय सोडलं हेच मला माहीत नाही. त्या दिवशी नियाजच्या ओट्यावर मला रडू आलं. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "आते घर जाय." तेव्हापासून बोलणं बंद.

असो. तू हे वाचून फार मनाला लावून घेऊ नकोस. मी ठीक आहे, मला कोणाची गरज नाही, फिरायला एकटंही जाता येतं. दाजींना नमस्कार, ललितला आशीर्वाद (आणि कानाखाली एक).

तुझा,
रतिलाल

ता. क. : राखीला तू तळोद्याला ये. माझ्याकडे उतरू नकोस, थेट नियाजकडे उतर आणि मला तिथून निरोप धाड. तुझ्यासमोर तो मला दारातून परत पाठवणार नाही. मी तोंड उघडणार नाही, हवं तर ओवाळताना तोंडात पेढा कोंबून ठेव. हे पत्र याच्यासाठीच लिहिलंय, वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा : जीपमध्ये पुढची जागा धर, गुडघे आखडत नाहीत.

ता. क. शेवटचा : आज पेपरात रोज्याचे शरीराला फायदे असा अर्धा पान लेख आलाय. वाचता वाचता मी कात्री घेतली, कापला, वर 'नियाज' असं लिहिलंसुद्धा, आणि मग आठवलं. फाडायला गेलो, फाडवला नाही. या पाकिटात घातलाय. तू चुलीत घाल, पण त्याला सांग की मी पाठवला नाही.