भाजलेल्या दोन जिभा

प्रिय नुवैरा,

सुएझला पोचलो. इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, आणि ट्रकवाला मला दिवसभर "ए उंटवाल्या" म्हणून हाका मारतो. कधी तरी देईन त्याला एक ठेवून. पण ते जाऊ दे. तुझ्या भावाला, हमदानला, जमातीबाहेर काढणार असं कळलं आणि हसूच आलं. इतके मूर्ख एका तंबूत मावतात तरी कसे?

शेखच्या सांडणीची शेपूट कोणी कापली हे ठरवायला आम्हा तिघांना तापलेली पळी चाटायला लावली, तेव्हा तू पडद्यामागे होतीस. खोटारड्याचीच जीभ भाजते म्हणे! हमदान आधी ओरडला, "सुवैलिमनेच कापली!" माझ्यावर जुना दात, दुसरं काय. मी म्हणालो, "हमदान खोटं बोलतोय." शेखचा पुतण्या नायेफ म्हणाला, "मी नाही कापली बुवा." माझी जीभ निघाली स्वच्छ, त्या दोघांच्या टरारून फुगल्या. लगेच पंचांनी दाढ्या हलवल्या, "हमदान खोटारडा, म्हणजे हमदानच चोर." आणि नायेफची जीभ? तर म्हणे, "पोरगा चहा फार कढत पितो हो!"

अगं, पळीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्यांचा आहे ना? मग त्यांच्याच पळीने बघू. हमदानने कापली असती तर नायेफचं "मी नाही" खरं ठरलं असतं, जीभ भाजलीच नसती. मी कापली असती तर हमदान खरा ठरला असता. उरलं कोण? शेळ्यांनाही कळेल. पंचांना कळत नाही, कारण शेखच्या कॉफीने त्यांची डोकी जड झालीत.

आता तोच नायेफ तुला सांगतोय म्हणे, "तू लग्नाला हो म्हण, मी काकांना सांगून तुझ्या भावाला सोडवतो." स्वतः कापायचं आणि वर उपकार करायचे! शुक्रवारी तो होकार घ्यायला येणार, म्हणून हे पत्र. त्याला कॉफी दे, होकार देऊ नकोस. मी गुरुवारीच येतो. ज्या जिभेला सगळ्या पंचांनी खरी ठरवलं, तिनेच हा हिशेब भर बैठकीत मांडतो. ती खोटी म्हणायची तर पळी खोटी म्हणावी लागेल, आणि एवढी हिंमत त्या दाढ्यांत नाही. मग तुझ्या 'नाही'ला कोणी हात लावून दाखवावा.

तू म्हणशील तर तुझाच,
सुवैलिम