सायकलीचे दात लागलेला दगड

९ नोव्हें. ९८
मो.फे. झाला. मोठा फेरा, म्हणजे घर, पाणंद, ओढा, टेकडी, वरचा माळ आणि खिंडीतनं खाली. गवत वाळायला लागलंय, मोज्यात कुसळंच कुसळं. खिंडीच्या वळणावर तो काळा दगड, बसलेल्या रेडकासारखा. रोज त्याच्यावरनं सायकल उडवतो. आज नेम चुकला. चेनव्हील दगडावर घासलं आणि मी करवंदीच्या जाळीत. दगडावर पाच पांढरे ओरखडे, चेनव्हीलचा एक दात वाकडा, कोपर सोललं. आईनं हळद दाबली. म्हणाली, "बारावीला एवढी धडपड केली असतीस तर पास झाला असतास."
उद्या परत उडवणार. बघू दगड शाणा का मी.

११ नोव्हें.
फाट्यावर मिलिंदच्या पंक्चरच्या दुकानात दात सरळ केला. शाळेत एका बाकावर होतो, गणितात पण बरोबरच गेलो. तो दुकानाला लागला, मी कशालाच न्हाय. त्याच्या रद्दीत इंग्रजी मासिकाचं पान घावलं. हिरव्या टेकड्या, उतार असे की बशी पालथी घातल्यासारखे. दोन्ही बाजूला झाडांचं कुंपण, मध्ये चिखलाची वाट, आणि जाड टायरच्या सायकलीवर एक गोरा. अंगभर चिखल आणि हसतोय. खाली इंग्लंड असं लिहिलेलं. म्हणलं, ही तर आपली पाणंदच की.
मिल्या म्हणला, "हसतोय म्हणजे ह्याला चुलता नसणार."
पान ट्रंकेच्या झाकणाला आतनं चिकटवलं.

१५ नोव्हें.
अप्पा जेवताना म्हणाले, यंदा पाणंद नांगरून ऊस लावायचा. वडलांचे थोरले भाऊ, घर त्यांच्या शब्दावर चालतं. वडील ताटात बघत बसले.
मी म्हणलं, पाणंद गावाची हाय.
"कोण वापरतंय? चार शेरडं आणि एक लोफर."
म्हणलं, वस्तीतली माणसं त्याच वाटेनं फाट्यावर येतात. मिल्याची बहीण सुजाता रोज तिथनंच डी.एड.ला जाते.
"मग तिला सांग, गावातनं फिरून जा. पाय झिजत न्हाईत."
उठलो. भाकरी तशीच ठेवली. नंतर भूक लागली तो भाग वेगळा.

१७ नोव्हें.
नांगरली. सऱ्या सोडल्या, कांड्या पुरल्या, तोंडाशी बाभळीच्या काट्या. लहानपणी ह्याच वाटेनं म्हसरं घेऊन गेलतो, तीन गाड्या एका वेळी जातील एवढी रुंद. अप्पांनी एका दिवसात वावर केलं.
सकाळी सायकल खांद्यावर घेऊन काट्या ओलांडतोय तर पलीकडनं सुजाता. तिची लेडीज सायकल, कॅरिअरला डबा. म्हणाली, "धर की जरा, बघत काय बसलास." मी तिची धरली, तिनं माझी. सरीतनं सायकल चालत न्हाय, ढकलावी लागते. ती मागं न बघता म्हणाली, "रोज ढकलली तर वाट पडेल."

२२ नोव्हें.
रोज ढकलतोय. मी, सुजाता, दुकान उघडायला जाताना मिल्या. आता वस्तीतली आणखी चार माणसं. सऱ्यांच्या मधोमध टायरएवढी पट्टी तयार झाली. तिथल्या कांड्या वर आल्या, उन्हात वाळल्या. काल अप्पांनी परत पुरल्या, आज परत आम्ही तुडवल्या.
अप्पा आईला म्हणाले, "त्याला सांग, पाणंदीत पाय टाकला तर सायकल हिरीत जाईल." मी समोरच बसलोतो. आईनं माझ्याकडं बघून सांगितलं, "ऐकलंस न्हवं?" मी म्हणलं, व्हय. ती म्हणाली, "मग झालं."
रात्री सायकल मिल्याच्या दुकानात ठेवतो.

२६ नोव्हें.
ट्यूब आणायला पेठ वडगावला गेलो. जनावरांचा बाजार होता. एक खिलार खोंड असा उभा होता की त्याच्यासमोर दुपार गेली. मालक म्हणला, "पावणं, घ्यायचाय का नुसता नजर लावायचाय?" ट्यूब विसरली.
परत येताना माळावरनं उतरलो. खिंडीचं वळण आलं, पुढचं चाक उचललं आणि खाली धाडकन खड्डा. दगड न्हाई. दगडाच्या जागी ओली माती, पांढरं पडलेलं गवत, दोन विंचू. बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाकोरी.
दगड कोण चोरतंय?

२७ नोव्हें.
कळलं.
पाणंदीच्या तोंडाशी, बरोबर मधोमध. अंगभर शेंदूर, लिंबू, नारळ. अप्पा हात जोडून उभे. स्वप्नात म्हसोबा आला म्हणे, म्हणला मला उन्हातनं सावलीला ने. आता ह्याला ओलांडून जाईल त्याचं तो बघून घेईल.
मी वाकून बघितलं. शेंदराखालनं पाच ओरखडे. माझेच.
म्हणलं, "अप्पा, हा खिंडीतला दगड."
"देव खिंडीत पण असतोय."
मिल्या लांबनं म्हणला, "आमच्या आज्यानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. तुमचे आता रस्त्यात यायला लागले." सुजाता दगडाला वळसा घालून सायकल ढकलत गेली. मागनं मी. मला भ्या वाटलं थोडं, खोटं कशाला लिहू. लहानपणापासनं शेंदूर दिसला की हात जोडलेत.

५ डिसें.
गावातली माणसं पाणंदीत येईनात. वस्तीतली येतात, मी येतो. एका म्हातारीनं सुजाताला अडवलं. "पोरी, देवाला पाठ दाखवून जाऊ नये." सुजाता म्हणाली, "मग त्यालाच तोंड फिरवायला सांगा आज्जी, मला बस गाठायची हाय."

१८ डिसें. अमावस्या
आजच्यासारखा दिवस न्हाय बघितला. एका बाईची म्हस आटली होती, बाई नवस बोलली आणि दूध आलं. झालं. सकाळपासनं रांग. बायका, पोरं, कोंबडी घेऊन आलेले. काट्या बायकांनीच ओढून बांधावर टाकल्या, लुगडी अडकतात म्हणून. रांगेला जागा पुरेना तशी माणसं सऱ्यांत शिरली. दुपारपर्यंत पाणंद अंगणासारखी सपाट. ऊस शोधून सापडंना.
ओरखड्यांना बायका हात लावून डोळ्याला लावत होत्या. देवाची नखं म्हणे.
अप्पा बांधावर उभे. कुणाला हाकलता येईना, देव त्यांच्याच स्वप्नातला. जो तो त्यांच्या पाया पडत होता. मला हसू आवरेना, ओढ्यापर्यंत हसत गेलो. येताना पाणंदीत सगळ्यात मोठा गिअर टाकला. वाटेत एक ढेकूळ न्हाय. मो.फे. एका दमात.
मिल्याला सांगितलं. तो हसला न्हाय. म्हणला, "गर्दी देवाला येतीया, वाटेला न्हाय. जपून रहा."

२८ डिसें.
मिल्याचं खरं झालं. देवळाच्या पारावर बैठक. म्हसोबाला चौथरा बांधायचा, वर पत्रा, पुढं लोखंडी फाटक. पाणंदीच्या ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत. चपला बाहेर, सायकली बाहेर. एकजण म्हणला, "आणि वस्तीतल्यांनी गावातनं फिरून जावं, देवाच्या अंगावरनं येणंजाणं बरं न्हाय." अप्पा पहिल्या ओळीत. पहिली वीट त्यांची. ऊस गेला, पण पाणंद बंद झाली की.
मी माळावर गेलो आणि पडून राहिलो. सायकल चालवू वाटली न्हाय.
सुजाताला मीच सांगितलं. म्हणाली, "फाटक कधी बसणार?" म्हणलं, संक्रांतीच्या आत. "मग तोवर आम्ही येतो की. मग बघू."

३ जाने. ९९
परत बैठक होती. सायकल घेऊन पाणंदीत गेलो, सगळ्यांना म्हणलं, चला, दाखवतो. निम्मी माणसं आली, मजा बघायला. सायकल आडवी केली, चेनव्हील दगडाला टेकवलं. पाचही ओरखड्यांत दात बसले. पडलो ते सांगितलं, खिंड सांगितली, खड्डा सांगितला, ट्रॉली सांगितली. अप्पांच्या कपाळाला घाम. वाटलं, जिंकलो.
मग तात्या म्हणाले, गावात सगळ्यात म्हातारे, "म्हणजे देवानं तुला तिथंच पाडलंतं. तरी अक्कल आली न्हाय."
सगळे हसले. मी पण हसलो असतो, दुसऱ्या कुणाला म्हणले असते तर. एकानं चेनव्हीलला कुंकू लावलं.

४ जाने.
घरी कुणी बोलत न्हाय. वडील एवढंच म्हणाले, "एक दिवस आधी मला सांगायचंस." सांगून काय केलं असतं ते म्हणाले न्हाईत.
गवंडी उद्या येणार. वाळू पडलीया.
मिल्याकडं गेलो. म्हणलं, दगड उचलून खिंडीत नेऊ. तुझा हातगाडा दे. तो म्हणला, "गाडा ने. मी हात लावणार न्हाय. मी लावला तर रातोरात वस्तीवर दगड येतील. तू लावलास तर घरचं भांडण." बरोबर हाय. राग आला, पण बरोबर हाय. "रात्री ने," म्हणला. मी म्हणलं, रात्री न्हाय. रात्री नेला तर अप्पांना परत स्वप्न पडेल. सकाळी, गवंड्यासमोर, गावासमोर.
दुपारी एकटा खिंडीत गेलो. खड्डा तसाच हाय. काट्या काढल्या, मुंगळे झाडले, कड जरा कोरली, दगड नीट बसावा म्हणून. शेंदूर पावसात जाईल. ओरखडे राहतील.
एकट्याला उचलेल का, माहीत न्हाय. गाड्यावर चढेल का, माहीत न्हाय. लोक चढू देतील का, ते तर न्हाईच. इंग्लंडच्या गोऱ्याला एवढं करावं लागतंय का बघायला पाहिजे.
गाडा आणून दारात लावला. तासाभरानं बाहेर आलो तर गाड्यात गोठ्यातली पहार आणि मोटेच्या जाड नाड्याचं वेटोळं. आई चुलीपाशी, माझ्याकडं पाठ करून. विचारलं, कुणी ठेवलं. म्हणाली, "भाकरी किती बांधू, एकाच्या का बापलेक दोघांच्या?"
सुजाताला निरोप धाडलाता, उद्या गावातनं जा, राडा होणार. निरोप परत आला. नेहमीच्या वेळेला येणार, नेहमीच्या वाटेनं.
आईला म्हणलं, तिघांच्या बांध.