तोरण लागलं, पण घर नाही

सौंसर,
मंगळवार

तीर्थरूप आत्याबाई,

तुझ्या पायांवर अश्विनीनं डोकं टेकलं आहे असं समज, आणि तू 'ऊठ' म्हणेपर्यंत मी काही ते उचलत नाही. खोकला कसा आहे? पांढुर्ण्याच्या त्या नव्या डॉक्टरच्या गोळ्या घेऊन राहिलीस, की त्याच्याशीही भांडलीस? इकडं आई बरी, मी बरी, बाबा बरे असल्यासारखं दाखवून राहिले. पत्र पाहून दचकू नको. तू घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपातून निघून गेलीस, बाबांचा फोन उचलत नाहीस, आईला तर ब्लॉकच केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, म्हणून हा रस्ता.

आधी मुद्द्याचं सांगते. आमचं घर झालं नाही. वास्तुशांतही झाली नाही. सख्ख्या बहिणीला न बोलावता भावानं पुरणपोळ्या खाल्ल्या, असं तू तुमच्या गल्लीतल्या वत्सलाकाकूला सांगितलंस म्हणे. तर आत्याबाई, त्या प्लॉटवर आजही शेजाऱ्याच्या बकऱ्या चरून राहिल्या आहेत, आणि खाण्याचं काम फक्त त्याच करतात.

तू म्हणशील, मी ग्रुपावर डोळ्यानं फोटो पाहिला. तो फोटो नव्हताच. (नागपूरला जाऊन मी कॉम्प्युटरवर नेमकं काय शिकली, हे तू दर दिवाळीला चारचौघांत विचारतेस. तर हे शिकली.) इंजिनियर घराचा नकाशा कॉम्प्युटरवर काढतो. मी त्यावरून भिंती उभ्या करते, त्यांना वीट, रंग, काच, लाकूड चढवते, आकाशात पाहिजे तिथं सूर्य ठेवते. मग कॉम्प्युटर बराच वेळ घुरघुरतो आणि न बांधलेल्या घराचं हुबेहूब चित्र बाहेर येते. त्याला रेंडर म्हणतात. लोकांची घरं मी अशीच दाखवते. मग वाटलं, आपल्या बाबांचंही एक करून द्यावं. इथूनच सगळं बिघडलं.

पहिलं चित्र पाहून बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. कॉम्प्युटरात माणसं अन् झाडं तयार मिळतात, ती मी घाईत टाकली होती; त्यामुळे अंगणात बर्फाच्या मुलखातलं झाड होतं आणि गच्चीवर एक गोरी बाई कुत्रं घेऊन उभी होती. "हे बाई कोन? अन् कुत्र्याले घरात कोनं घेतलं?" (आईनं त्या बाईकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.) बाईला काढलं. झाडाच्या जागी मोहगावच्या आपल्या बगीच्यातलं संत्र्याचं झाड फोटो काढून बसवलं. तरी बाबांचं आपलं एकच, "दिसते चांगलं, पन खरं नाही वाटत." आणि त्यांचं बरोबर होतं. या कामात घर स्वच्छ ठेवलं की खोटं दिसते. मग मी ते मळवायला बसली. पाइपाखाली पाण्याचे ओघळ काढले, पायरीवर चिखलाचे पाय उमटवले, भिंतीचा कोपरा थोडा उडवला, समोर विजेचा खांब रोवला आणि गच्चीवर आईची जांभळी साडी वाळत घातली. (त्या साडीच्या चुण्या पाडता पाडता माझी कंबर गेली.) सगळं झाल्यावर बाबा म्हणाले, "आता दाराले तोरन लाव." मी म्हटलं, "बाबा, ते वास्तूच्या दिवशी लावतात." "लाव तं! बिना तोरनाचं दार बोडकं दिसते." लावलं. आंब्याची पानं, मधे झेंडू. बाबांनी ते चित्र ग्रुपावर टाकलं, खाली एक शब्द लिहिला नाही, मोबाइल चार्जिंगला लावला आणि शेतात निघून गेले.

पुढचं ऐक. लोधीखेड्याचे गुणवंताकाका काकूला घेऊन, नव्या घरासाठी हे एवढं भिंतीचं घड्याळ घेऊन थेट प्लॉटवर. तिथून आईला फोन: "वहिनी, पत्ता चुकला का? इथं तं बकऱ्या हायेत!" आईनं शेतात निरोप धाडला, बाबा तसेच धावले. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो, ते चित्र होतं. पण तो तुझा भाऊ! त्यांनी खोल्यांच्या जागी खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती, तेवढ्यावर पाहुण्यांना घर दाखवायला घेतलं. "हे बैठक. हे देवघर. चपला इथं काढा." काकांनी खरंच काढल्या, आणि स्वयंपाकघरात शिरताना त्यांच्या पायात गोखरू घुसला. काटा काढायला खुर्ची शेजारून आणावी लागली. काकूंनी चौफेर पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "घर हवेशीर हाये हो." घड्याळाला भिंत नव्हती, तरी बाबांनी ते ठेवून घेतलं.

हसत हसत घरी आले, मोबाइल उघडला, आणि तू ग्रुप सोडलेला दिसला. तेव्हापासून हसणं बंद. दिवसातून कितीतरी वेळा तुला फोन लावतात आणि रिंग संपेपर्यंत कानाला धरून बसतात. काल ताटावरून उठता उठता म्हणाले, "मी तिले सोडून वास्तू करीन, असं तिले वाटलंच कसं?" याचा जवाब तूच त्यांना दे.

आईचा नमस्कार. गोळ्या घेत जा. ऊठ म्हण, माझी मान दुखून राहिली.

तुझी लाडकी (अजूनही असेन तर),
अश्विनी

ता. क. भूमिपूजन अक्षय तृतीयेला आहे. बाबा म्हणतात, पहिली कुदळ माझी बहीण देवकाच मारेल, नाही तं चरू दे बकऱ्या.

आणखी एक. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, ती चित्रात दिसत नाही. बाबांनी ती इंजिनियरला सांगून नंतर वाढवून घेतली. फुफाजी तुला मागं ठेवून देवाघरी गेले, तुझा विशालदादा पुण्याला, तू तिथं एकटी. 'आमच्याकडं राहायला ये' असं तुझ्या तोंडावर म्हणायची हिंमत त्यांच्यात नाही, म्हणून मी विचारून राहिली. येशील?

हे शेवटचं. खिडकी कुठं ठेवायची ते ठरत नाही म्हणून तुझ्या खोलीचं रेंडर अडकलं होतं. पूर्वेला ठेवली तर सकाळचं ऊन पलंगावर येते. मागच्या गल्लीकडं ठेवली तर कोण कोणाच्या घरी गेलं आणि किती वेळ बसलं, ते सगळं दिसते. तुला विचारणारच होती, पण गल्लीकडचीच ठेवून टाकली.