तसबिरीतला पदर

आई,

काल मुलींच्या शाळेत तुझी तसबीर लागली. खांडव्याहून आलेल्या साहेबांनी पडदा ओढला आणि मला किळस आली. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, हातात जपमाळ. तू आलवण कधी नेसली नाहीस आणि जपाला तुला सवड नव्हती. मानेवरचा तो घट्ट अंबाडा, ज्याच्यासाठी गावाने तुझ्याशी उभा दावा मांडला, तो पदराखाली कायमचा गाडून टाकला. शाळेचे अध्यक्ष म्हणाले, "आपल्या बऱ्हाणपूरची पहिली स्त्रीशिक्षिका म्हणजे साक्षात तपस्विनी! साऱ्या गावाने तिला साथ दिली." साथ! याच गृहस्थाच्या आजीने सिंधीपुऱ्यातल्या पाणवठ्यावर तुझी घागर पायाने लोटली होती. "केस राखते अन् वर आमचं पाणी बाटवते, चल हट!" तू घागर उचललीस, दुसऱ्या मोहल्ल्यातून पाणी आणलंस आणि ओसरीवर वाट पाहणाऱ्या सात मुलींना पाढे म्हणायला लावलेस. दुसऱ्या दिवशी चारच आल्या. तू चौघींना शिकवलंस.

न्हावी आला तो दिवस मला अजून दिसतो. बाबांचं वर्षश्राद्ध आटोपलं आहे, सकाळचं ऊन चुलीपर्यंत आलं आहे, तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापते आहेस. काका न्हाव्याला घेऊन ओट्यावर बसलेत. "वहिनी, वर्षभर ऐकून घेतलं. आता बाहेर या." तू हात धूत बाहेर येतेस, माझा दंड धरून मला न्हाव्यापुढे बसवतेस. "दादा, आलाच आहात तर या पोराचं डोकं बघा, जटा झाल्यात नुसत्या." काका ओरडतात, "थट्टा समजलीस काय ही?" तू म्हणतेस, "नाही भाऊजी. तुमचेही वाढलेत, हवं तर बसा याच्यामागून." न्हावी खाली मान घालून हसतो आणि माझ्या मानेवर गार पाणी चोळतो. काका त्यानंतर कधी तुझ्या हातचं जेवले नाहीत. मुलींना तू पुढची अठरा वर्षं शिकवलंस, अंबाडा बांधून, भर उजेडात.

आता माझं ऐक. तसबीर मी काल पहिल्यांदा पाहिली नाही. महिन्यापूर्वी अध्यक्ष चित्रकाराला घेऊन घरी आले होते. "बढिया झाली ना, मास्तरसाहेब? केस दाखवले तर मुलींचे बाप बिचकतील हो. एवढ्यासाठी शाळा कशाला अडवायची?" ज्या फोटोवरून तुझा चेहरा काढला तो मीच दिला होता, त्यात अंबाडा स्वच्छ दिसत होता. चित्रकाराने परत आणलेला तो फोटो त्यांच्यापुढे धरावा, एवढंच काम होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." आणि तसबिरीखाली घालायला चार ओळी लिहून दिल्या. कवितेचं माझं वेड तुला माहीत आहे. वृत्त निर्दोष आहे. चारही ओळींत तुझी शांती आहे, सोशिकपणा आहे, तू मात्र कुठेच नाहीस.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहायला धीर होतो आहे. काल साहेबांनी त्या ओळी म्हणून दाखवायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि चाल लावून म्हटल्या. सभेने वाहवा केली. आई, तेवढा वेळ मला फार बरं वाटलं.