खालच्या वस्तीला काही द्यायचं नाही

५ जानेवारी २००४, सकाळी ७
संस्थेने मला 'परिणाम मापन अधिकारी' केलं. शिरूर तालुक्यात बहुधा पहिलाच. नोकरी तीन महिन्यांची, पण मार्चमध्ये मुंबईचे इन्व्हेस्टर येणार आणि आकडे चांगले निघाले तर कायम. स्वप्नालीच्या वडिलांनी 'कायम झालात की या' असं सांगितलंय. म्हणजे लग्न ठरल्यातच जमा.

६ जानेवारी
कवठे येमाईजवळच्या दोन वस्त्या निवडल्या. वरच्या वस्तीला परसबागेसाठी पालेभाज्यांचं बी आणि ट्रेनिंग. खालच्या वस्तीला काहीही नाही, फक्त मोजायचं. तुलनेशिवाय परिणाम कळत नाही, हे शास्त्र आहे. खालच्या वस्तीतल्या साखरबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, आमी काय पाप केलं व्हय? मी म्हटलं, मावशी, काही न मिळणं हेच तुमचं योगदान. त्या उठून भाकऱ्या थापायला गेल्या. पटलं असावं.
संकल्प: खालच्या वस्तीत चहासुद्धा घ्यायचा नाही. आकडे बिघडतात.

८ जानेवारी, गुरुवार
पहिली मोजणी: दोन्हीकडे आज घरटी आठवड्याला दीड वेळा पालेभाजी. वरच्या वस्तीत बियांची सहा-सहा रंगीत पाकिटं वाटली. पहिलं ट्रेनिंग, 'पालेभाजी म्हणजे काय?' तीन तास बोललो. बायका भारावून गेल्या. एक घोरत होती, पण हजेरीवर सही आहे.
खालच्या वस्तीत चहा घेतला. अर्धाच कप. अर्धा धरत नाहीत.

१५ जानेवारी
वरच्या वस्तीच्या गिताबाई म्हणाल्या, साहेब, मोटारीला लाईट धा ते एक, आन् तुमचं टरेनिंग बी रोज धा ते एक. मग वाफ्यास्नी पाणी कवा द्यायचं? प्रश्न चांगला आहे, पण वेळापत्रक रंगीत छापून झालंय. आधी ज्ञान, मग पाणी, असं सांगितलं. हे वाक्य रिपोर्टात घ्यायचं.

२० जानेवारी
वरच्या वस्तीत संक्रांतीचं हळदीकुंकू. खालच्या वस्तीतल्या बायका झाडून सगळ्या आल्या होत्या. माझ्यामुळे दोन वस्त्या जवळ आल्या! एक्सेलमध्ये 'सामाजिक एकोपा' असा नवा रकाना काढला. वाण काय लुटलं ते पाहिलं नाही. बायकांच्यात कशाला नाक खुपसा.

१९ फेब्रुवारी
वरच्या वस्तीत अजून काही उगवलेलं नाही. काळजी नाही, बदल आधी मनात होतो. 'माझी परसबाग' हा बारा पानी फॉर्म दर गुरुवारी भरून घेतोय. 'या आठवड्यात काय वाढलं?' यापुढे गिताबाईंनी 'फारम' लिहिलंय. विनोदबुद्धी वाढली, हाही परिणामच.
खालच्या वस्तीत मेथी, पालक, चाकवत, सगळं हिरवंगार. विचित्र आहे. चहा घेतला. पालकाची भजी होती. दोन प्लेट.

११ मार्च
अंतिम मोजणी. वरची वस्ती घरटी एक भाजी. खालची साडेपाच. तीनदा मोजलं, तेच. वस्त्यांची नावं उलटी लिहावीत असा विचार क्षणभर आला. क्षण म्हणजे दुपारभर. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. शिवाय पुण्याला संस्थेच्या अनिता मॅडमना फॅक्स आधीच गेला होता.
भीती वाटतेय. स्वप्नालीला सांगितलं नाही.

१८ मार्च, संध्याकाळी ६
इन्व्हेस्टरसाहेब मॅडमबरोबर येऊन गेले. वरच्या वस्तीत सगळ्यांसमोर मी गिताबाईंना विचारलं, बी गेलं कुठं? त्या म्हणाल्या, आवं, टरेनिंगपायी पाणी द्याया सवड न्हाई. मग बी कुजवायचं का? संक्रांतीला वाण म्हनून लुटलं खालच्या बायांस्नी. त्यांना ना टरेनिंग, ना फारम. त्यांचं झॅक आलं.
मी लगेच साहेबांकडे वळून म्हटलं, भाजी आपल्याच बियांची आहे, म्हणजे परिणाम आपलाच. साहेब म्हणाले, किस्से नकोत, आकडे बोलतात. मग माझाच तक्ता खालून वर, वरून खाली पाहिला आणि चेहरा उजळला. जिथे खर्च केला तिथे एक भाजी, जिथे शून्य खर्च तिथे साडेपाच. इतका स्वस्त कार्यक्रम आयुष्यात पाहिला नाही म्हणाले. पुढच्या वर्षी दौंड आणि शिरूर मिळून अकरा गावांना काहीही द्यायचं नाही, असं जीपच्या बॉनेटवरच ठरलं. मोजणी बिनचूक केली म्हणून माझी पाठ थोपटली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.
मी नम्रपणे सुचवलं, अकरा गावांना काही दिलं जात नाही ना, यावर देखरेख करायला एक कायम अधिकारी लागेल. साहेबांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, अधिकारी दिला तर तेही काहीतरी दिल्यासारखंच होईल.
रडू येतंय. मुद्दा मात्र शास्त्रशुद्ध आहे.